महाजालावरील पंक्तिप्रपंच

लग्नामुंजींच्या जुन्या पंगती ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांना ‘पंक्तिप्रपंच’ या शब्दाचा अर्थ समजावून सांगण्याचें कारण नाहीं. वाढपी तुपाचें भांडें घेऊन एका टोंकाकडून निघतो. व्याह्यांच्या पानावर धार लांबते, गांवच्या मास्तरांच्या पानावर ती आंखडते, आणि अगदीं शेवटीं बसलेल्या गरीब नातलगाच्या भाताला तुपाचा नुसता वास लागतो. यजमानाच्या तें गांवींही नसतें. जेवणारा मात्र जन्मभर विसरत नाहीं. आमच्या आजीचा या बाबतींत मोठा कटाक्ष असे. वाढणारानें पान पाहावें, तोंड पाहूं नये, असें ती सुनांना आणि वाढावयास घेतलेल्या नातवंडांना बजावीत असे. ज्याला भूक अधिक त्याला चार घास अधिक वाढावेत, आजाऱ्यांना व लहान मुलांना आधीं वाढावें, याला तिची ना नव्हती. परंतु पाहुणा कोणाकडचा हें पाहून हात सैल किंवा आंखडता होतां कामा नये, एवढाच तिचा दंडक होता.

ही आठवण निघण्याचें निमित्त थोडें चमत्कारिक आहे. गेल्या दिवाळींत घरची सारी मंडळी एकत्र जमली असतां, कायद्याच्या परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या माझ्या पुतण्यानें मला विचारलें, “काका, नेट न्यूट्रॅलिटी म्हणजे काय, हें आजोबांना समजेल अशा भाषेंत तुम्हांला सांगतां येईल का?” आजोबा म्हणजे माझे वडील, त्यांचें सारें आयुष्य तारखात्यांत गेलेलें. त्यांनीं चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे पाहिलें. मीं म्हटलें, “आजीची पंगत.” वडील हंसले आणि म्हणाले, “एवढ्यानें भागावयाचें नाहीं.” तें खरेंच होतें. प्रस्तुत लेख म्हणजे त्या अपुऱ्या उत्तराची भरपाई आहे.

इंटरनेटवरून जें कांहीं येतें-जातें, मग तें परदेशीं असलेल्या नातवाचें छायाचित्र असो, बँकेचा व्यवहार असो, कीं गाण्याची मैफल असो, त्याचे लहान लहान तुकडे पाडले जातात. त्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर, टपालाच्या पाकिटावर असतो तसा, कोठून निघालें आणि कोठें जावयाचें हा पत्ता असतो. वाटेवरचीं यंत्रें तो वाचून तें पुढें ढकलतात. हा रस्ता दूरसंचार कंपन्यांच्या मालकीचा. ग्राहक त्यांना रस्त्याचें भाडें देतो. प्रश्न एवढाच कीं, भाडें घेतल्यावर आंतला माल पाहून एकाला भरधाव सोडण्याचा, दुसऱ्याला रखडविण्याचा, तिसऱ्याला फुकट व चौथ्याला दामदुप्पट दरानें नेण्याचा अधिकार त्या कंपनीला असावा काय? तसा अधिकार नसावा या तत्त्वाला इ. स. २००३ मध्यें टिम वू या अमेरिकन कायदेपंडितानें आजचें नांव दिलें. आपण त्याला जाल-तटस्थता म्हणूं.

नांव नवें असलें तरी तत्त्व जवळजवळ तारेइतकें जुनें आहे. अमेरिकेचा पूर्व व पश्चिम भाग तारेनें जोडण्यासाठीं १८६० सालीं जो कायदा झाला त्यांतच, सरकारी संदेश वगळतां बाकीचे सारे संदेश ज्या क्रमानें येतील त्याच क्रमानें निःपक्षपातीपणें पाठवावेत, असें बंधन घातलेलें होतें. आपल्याकडील तारखातें तर सरकारचेंच. हा भाग मीं वडिलांना वाचून दाखविला तेव्हां ते म्हणाले, “आमच्याकडे साधी तार आणि तांतडीची तार असे दोन दर असत. तांतडीच्या तारेला पैसे अधिक, आणि ती आधीं जाई. पण ती कोणालाही करतां येई. शेटजींची म्हणून आधीं आणि कुळाची म्हणून मागून, असें चालत नसे. मजकूर आम्हांला वाचावाच लागे. पण मजकुरावरून रांग बदलण्याची मुभा नव्हती.” १४ जुलै २०१३ रोजीं आपल्या देशांत शेवटच्या तारा स्वीकारल्या गेल्या, तेव्हां ते दिवसभर फारसे बोलले नव्हते. त्यांच्या या दोन-चार वाक्यांत मात्र एक महत्त्वाचा भेद आला आहे. अधिक वेगाला अधिक दाम घेणें निराळें, आणि संदेश कोणाचा व कशाचा हें पाहून दाम ठरविणें निराळें. जाल-तटस्थतेचा आक्षेप दुसऱ्या प्रकाराला आहे, पहिल्याला नाहीं.

टेलिफोनच्या आरंभकाळांतील एक गोष्ट या संदर्भांत नेहमीं सांगतात. अमेरिकेंतील कॅन्सस सिटी येथें अल्मन स्ट्रोजर नांवाचा एक गृहस्थ अंत्यविधीची व्यवस्था लावून देण्याचा धंदा करीत असे. त्या काळीं टेलिफोनचे जोड माणसें हातानें देत. गांवांतील जोड देणारी बाई त्याच्या प्रतिस्पर्ध्याची बायको होती, आणि एखाद्या घरीं मृत्यु घडून स्ट्रोजरला बोलावणें आलें कीं ती तें नवऱ्याकडे वळवून देई. गोष्टींत तिखटमीठ किती हें सोडून देऊं. (मेल्यावरही पंक्तिप्रपंच चुकत नाहीं, हें वाचून आमच्या मातोश्रींना मात्र हंसूं आवरेना.) स्ट्रोजरनें मध्यस्थ माणसावांचून जोड देणाऱ्या यंत्राचें पेटंट १८९१ सालीं मिळविलें, एवढें खरें.

आतां जी गोष्ट सहसा बोलली जात नाहीं ती सांगतों. पंक्तिप्रपंच करावयाचा तर वाढप्याला आधीं तोंड पाहावें लागतें. कोणतें पॅकेट रखडवावयाचें हें ठरविण्यासाठीं कंपनीला तें निदान चांचपावें लागतें, आणि जमल्यास उघडून पाहावें लागतें. त्यासाठीं मुद्दाम केलेलीं यंत्रें बाजारांत मिळतात. अमेरिकेंतील कॉमकास्ट ही कंपनी २००७ सालीं बिटटोरेंट या पद्धतीनें होणारी फायलींची देवघेव गुपचूप अडवीत असल्याचें उघडकीस आलें. तिची रीत अशी कीं, दोन संगणकांचें संभाषण चाललें असतां, जणूं पलीकडच्यानेंच तें तोडलें असें भासविणारे खोटे संदेश मध्येंच घुसवावयाचे. पत्र पोंचविणारानें पत्रलेखकाची सही करावी, त्यांतलाच हा प्रकार! म्हणून दरांतील भेदभाव आणि आपल्या व्यवहारांची सुरक्षितता हे दोन निराळे विषय नव्हत. ज्याला डोकावण्याचें कारण मिळालें, त्याला डोकावण्याची संवय लागावयास वेळ लागत नाहीं.

आपल्याकडे हा वाद पेटला तो २०१४ च्या डिसेंबरांत. एअरटेल कंपनीनें इंटरनेटवरून होणाऱ्या संभाषणांसाठीं निराळा आकार घेण्याचें जाहीर केलें. सर्वत्र ओरड झाली. आणि त्याच महिन्यांत तो बेत मागें घेण्यांत आला. कंपन्यांचें म्हणणें अगदींच पोकळ होतें असें नाहीं. मनोरे, तारा आणि लहरींचे परवाने यांवर त्यांनीं अफाट पैसा घातला होता, आणि व्हॉट्सअ‍ॅप, स्काइप यांसारख्यांनीं त्याच रस्त्यावरून जाऊन त्यांचें बोलण्याचें व निरोपांचें उत्पन्न पळविलें होतें. परंतु तो रस्ता वापरण्याचे पैसे ग्राहक देतच होता. दुकान चालेनासें झालें म्हणून गिऱ्हाइकाच्या पिशवींत डोकावून, ‘शेजारच्या दुकानांतून काय आणलेंस’ असें विचारण्याचा हक्क कोणास मिळत नाहीं.

२७ मार्च २०१५ रोजीं दूरसंचार नियामक प्राधिकरणानें, ज्याला सारे ‘ट्राय’ या नांवानें ओळखतात, ११८ पानांचें एक विचारपत्र काढलें व वीस प्रश्नांवर लोकांचीं मतें मागविलीं. असल्या कागदांकडे एरवीं वकील आणि कंपन्यांचे कारभारी यांवांचून कोणी ढुंकून पाहत नाहीं. या वेळीं मात्र कांहीं तरुण संगणकतज्ज्ञ, वकील आणि पत्रकार यांनीं एकत्र येऊन तीं पानें सोप्या भाषेंत उतरविलीं, उत्तरांचे नमुने तयार केले, आणि २४ एप्रिलपर्यंत दहा लाखांहून अधिक ई-मेल ट्रायकडे जाऊन पडले. पुढें जें घडलें तें वाचून हंसावें कीं रडावें हें कळेना. ट्रायनें तीं सारीं पत्रें, लिहिणारांच्या ई-मेल पत्त्यांसकट, आपल्या संकेतस्थळावर उघडीं मांडून ठेवलीं! इंटरनेटच्या हितासाठीं धांवून आलेल्या नागरिकांचे पत्ते एका दिवसांत ठकांच्या व जाहिरातवाल्यांच्या हातीं आयते पडले. गुप्ततेचा विचार आपल्या सरकारी कचेऱ्यांत त्या वेळीं किती कोंवळा होता, याचें हें एकच उदाहरण पुरे.

त्याच एप्रिलांत एअरटेलनें दुसरी योजना पुढें आणली. अ‍ॅप चालविणाऱ्या ज्या कंपन्या पैसे भरतील त्यांचीं अ‍ॅप ग्राहकाला फुकट वापरतां यावयाचीं. फ्लिपकार्ट तींत सामील होणार होती. परंतु लोकमत पाहून ती १४ एप्रिल रोजीं बाहेर पडली. येथपर्यंतचा सामना सरळ होता. समोर व्यापारी उभा होता, आणि व्यापाऱ्याचा हेतु ओळखणें कठीण नसतें. खरा पेंच पुढें आला, कारण पुढचा प्रतिपक्षी पैसे मागत नव्हता. तो दान देत होता.

२०१५ च्या फेब्रुवारींत फेसबुकनें रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साह्यानें भारतांत एक मोफत सेवा सुरू केली होती. ज्या सहा राज्यांत ती प्रथम मिळूं लागली त्यांत महाराष्ट्र होता. पुढें सप्टेंबरांत तिचें नांव ‘फ्री बेसिक्स’ असें ठेवण्यांत आलें. हवामान, आरोग्य, नोकऱ्या, विकिपीडिया अशीं कांहीं निवडक स्थळें, आणि अर्थात् फेसबुक, एवढें गरिबाला एक पैसाही न देतां पाहतां यावें. बाकीचें पाहावयाचें तर पैसे मोजावेत. २८ डिसेंबर २०१५ रोजीं खुद्द मार्क झुकेरबर्ग यांनीं टाइम्स ऑफ इंडियांत लेख लिहून या सेवेची कैफियत मांडली. सार्वजनिक ग्रंथालयांत सर्व पुस्तकें नसतात, सरकारी इस्पितळांत सर्व उपचार होत नाहींत, म्हणून तीं बंद करावयाचीं काय, असा त्यांचा सवाल होता. आणि शेवटीं त्यांनीं महाराष्ट्रांतल्याच एका शेतकऱ्याचें उदाहरण दिलें. तो या सेवेवर पावसापाण्याचा अंदाज पाहतो, शेतमालाचे भाव पाहतो. त्याची शेती सुधारल्यानें इंटरनेटचें काय बिघडलें, असें त्यांनीं विचारलें.

मी प्रामाणिकपणें कबूल करतों कीं, तो लेख वाचून माझें मन डळमळलें. ज्यांच्या घरीं दोन-दोन जोडण्या आहेत त्यांनीं, ज्याला एकही नाहीं त्याच्या पुढ्यांतलें फुकट पान तत्त्वासाठीं काढून घ्यावें, हें मला दिसावयास बरें दिसत नव्हतें. मग मला आमच्या पंगतींची दुसरी बाजू आठवली. माजघरांतल्या पंगतींत आजी पंक्तिप्रपंच होऊं देत नसे हें खरें. पण त्याच वेळीं बाहेर अंगणांत निराळीं पानें मांडलेलीं असत, आणि कुंपणापलीकडे ताटकळत उभे राहणारे कांहीं लोक असत, त्यांना पंगत उठल्यावर उरलेलें मिळे. तेंही दानच होतें. देणारा स्वतःला उदार समजे आणि घेणाऱ्याला नाइलाजानें त्याचें भलें चिंतावें लागे. त्या माणसाला अन्न मिळालें यांत वाईट कांहीं नव्हतें. त्यानें काय खावें, केव्हां खावें आणि कोठें बसून खावें हें दुसऱ्या कोणी ठरविलें होतें, हें वाईट होतें. आजीच्या दंडकाची हद्द माजघराच्या उंबऱ्यापाशीं संपत असे, ही गोष्ट आम्हां नातवंडांच्या लक्षांत यावयास फार वर्षें लागलीं.

फ्री बेसिक्सचे नियम या दृष्टीनें वाचण्यासारखे होते. कोणतें स्थळ आंत घ्यावयाचें त्याच्या अटी फेसबुकनें घातलेल्या. त्या अटींप्रमाणें चलचित्र नको, मोठीं छायाचित्रें नकोत, इंटरनेटवरून संभाषण नको. आतां ज्याला अक्षरओळख नाहीं त्याला इंटरनेटचा उपयोग कशानें होणार? बोलण्यानें आणि चित्रांनींच. म्हणजे ज्यांच्या नांवानें ही सेवा निघाली त्यांतील अडल्यानडलेल्यांना हवें तेंच नेमकें वगळलेलें. दुसरें उदाहरण घ्या. नाशिककडील एखाद्या हुशार मुलानें लासलगांवच्या कांद्याचे भाव बोलून सांगणारी सोय तयार केली असती, तर त्या शेतकऱ्यापर्यंत पोंचण्यासाठीं त्याला कॅलिफोर्नियांतील एका कचेरीच्या अटी पाळाव्या लागल्या असत्या, आणि त्या अटींत त्याची सोय बसलीच नसती. शिवाय ही सारी ये-जा फेसबुकच्या मध्यस्थ यंत्रांतून होई. आरंभींच्या अटींनीं तर गुप्त लिपींतून संदेश पाठविण्याची नेहमींची संरक्षक पद्धतिही निषिद्ध ठरविली होती. पुढें आरडाओरड झाल्यावर ती आली, तरी मोबाइलच्या ब्राउझरमधून पाहणाऱ्याचा मजकूर त्या मध्यस्थापाशीं उलगडला जाऊन पुन्हां बंद होई. आयआयटी आणि बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था येथील अनेक प्राध्यापकांनीं संयुक्त पत्रक काढून या दोन्ही गोष्टींवर बोट ठेविलें होतें. गरिबाचें पत्र फुकट पोंचवीन, पण मधल्या टप्प्यावर उघडून पुन्हां चिकटवीन, असें एखाद्या टपालवाल्यानें म्हटलें तर आपण काय म्हणूं?

फेसबुकनें पानभर जाहिराती दिल्या, आणि आपल्या सभासदांकडून ट्रायला लाखों ठराविक पत्रें धाडविलीं. ट्रायचे प्रश्न निराळेच होते; पत्रांत त्यांचीं उत्तरें नव्हतीं. ट्रायनें त्याबद्दल कंपनीला चांगलेंच खडसावलें. अखेर ८ फेब्रुवारी २०१६ रोजीं, आर. एस. शर्मा अध्यक्ष असतां, नियम जारी झाला. मजकूर पाहून डेटाचे निरनिराळे दर लावण्यास कंपन्यांना मनाई. उल्लंघन केल्यास दररोज ५०,००० रुपये आणि अधिकांत अधिक ५० लाख रुपये दंड. आणीबाणीच्या सेवांपुरती सूट. मोफत डेटा देऊं नका असें त्यांत कोठेंही म्हटलेलें नव्हतें. द्यावयाचा तर सबंध इंटरनेटचा द्या, एवढाच त्याचा अर्थ. त्याच आठवड्यांत फेसबुकनें भारतांतील फ्री बेसिक्स गुंडाळलें. फेसबुकच्या संचालक मंडळावरील मार्क अँड्रीसन यांनीं संतापाच्या भरांत, परकीय सत्तेच्या विरोधानें भारतीयांचें कित्येक दशकें आर्थिक नुकसान झालें आहे, अशा अर्थाचें वाक्य जाहीरपणें लिहिलें; दुसऱ्या दिवशीं माफी मागितली. झुकेरबर्ग यांनींही तें मत आपलें नव्हे असें सांगितलें. परंतु दानाच्या पिशवीचा तळ त्या एका वाक्यानें क्षणभर दिसून गेला, असें मला वाटतें.

मग त्या शेतकऱ्याचें काय झालें? हा प्रश्न नियमाच्या कैवाऱ्यांना टाळतां येत नाहीं, आणि ज्यांनीं विजयाचे पेढे वाटले त्यांतील अनेकांनीं तो टाळला. गरिबाच्या हातीं इंटरनेट पोंचलें तें नियमानें नव्हे. २०१६ च्या सप्टेंबरांत जिओ कंपनी बाजारांत उतरली, तिनें कित्येक महिने डेटा फुकट वाटला, आणि इतर कंपन्यांना आपले दर झपाट्यानें उतरवावे लागले. तोही धंद्याचाच डाव होता. त्यांत पुढें कित्येक कंपन्या बुडाल्या. परंतु त्या डावांत शेतकऱ्याला मिळालें तें सबंध इंटरनेट, चलचित्रांसह आणि बोलण्यासह. फ्री बेसिक्स चालूं राहिलें असतें तर असें झालें नसतें, असें मी म्हणत नाहीं. अंगणांतल्या पानांची एकदां संवय झाली म्हणजे माजघराचें दार उघडण्याची कोणाला घाई उरत नाहीं, एवढेंच म्हणतों.

२०१८ सालीं सरकारनें परवान्यांच्या अटींतच दुरुस्ती केली, आणि दराबरोबर वेगाच्या भेदभावालाही बंदी घातली. अडविणें, रखडविणें, एखाद्याला मुद्दाम पुढें काढणें, या सर्वांना. रहदारीच्या न्याय्य व्यवस्थेला आणि कांहीं खास सेवांना अपवाद ठेविला आहे, आणि तो योग्यच आहे. आजाऱ्याला आधीं वाढण्याला आजीचीही हरकत नव्हती. अमेरिकेंत मात्र या तत्त्वाचा लंबक झाला. तेथील दळणवळण मंडळानें २०१५ त नियम केले, २०१७ त काढले, २०२४ त पुन्हां घातले, आणि २ जानेवारी २०२५ रोजीं सिनसिनाटी येथील अपील न्यायालयानें ते रद्द ठरविले. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांचे स्वतःचे कायदे तेवढे उभे आहेत. ज्या देशानें तत्त्वाला नांव दिलें त्याच्यापेक्षां आपला नियम आज अधिक पक्का आहे, हें पुतण्याला सांगितलें तेव्हां त्याचा विश्वास बसेना.

तंटा मात्र मिटलेला नाहीं. त्यानें दार बदललें आहे. आतां कंपन्यांचें म्हणणें असें कीं, ग्राहकाकडून नको, पण चलचित्रें पाठविणाऱ्या बड्या परदेशी कंपन्यांनीं तरी आमच्या रस्त्याचा वांटा उचलावा. दक्षिण कोरियांत असा आकार घेण्याची रीत पडली. ट्विच ही खेळांचीं चलचित्रें दाखविणारी सेवा तेथें रस्त्याचा खर्च इतर देशांच्या दसपट येतो अशी तक्रार करून २७ फेब्रुवारी २०२४ रोजीं तो देश सोडून गेली. आपल्याकडील कंपन्यांनीं हीच मागणी २०२३ सालीं ट्रायपुढें मांडली. पुतण्यानें आपल्या टिपणांत हें प्रकरण लिहून घेतलें नाहीं. परीक्षेंत तें विचारणार नाहींत, असें त्याला वाटतें. वडिलांनीं मात्र ट्रायच्या त्या विचारपत्राची छापील प्रत आणून देण्यास मला सांगितलें आहे, अक्षर मोठें असावें या अटीवर.